लिहिणारं पोर

'नटरंग' सिनेमा २०१० साली आला, तो तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. ज्या कादंबरीवरून तो निघाला ती लिहिणारे आनंद यादव आपल्यासारख्याच घरातले. १९३५ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागलला जन्मले. जमीन दुसऱ्याची, खाणारी तोंडं पुष्कळ, आणि पोरानं शाळा सोडून मळ्यात राबावं हा वडिलांचा हेका. त्याच्याशी झगडत ते शिकले आणि पुढं पुणे विद्यापीठात मराठीचे विभागप्रमुख झाले. ही सारी झटापट 'झोंबी'त (१९८७) आहे. १९९० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

हे आज सांगायचं कारण वरवे बुद्रुकचे एक शेतकरीदादा. भातलावणीच्या दिवसांत बांधावर भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, थोरली पोरगी सारखी वहीत काहीबाही लिहीत बसते. लिहून कुठं पोट भरतं का?"

युरियाची मात्रा विचारली असती तर चटकन सांगितली असती! मी म्हटलं, "दादा, नुसत्या लिहिण्यावर भरत नाही. यादवसरांनीसुद्धा नोकरी केलीच. पोरीचं कॉलेज सोडवू नका, अन् वहीही हिसकावू नका."

वही का नको, तेही सांगतो. यादवांची 'गोतावळा' (१९७१) वाचा. नारबा हा सालगडी. मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि त्याच्या जिवाभावाचे बैल जातात. सबंध कादंबरी नारबाच्याच बोलीत आहे. बी.एस्सी.ला आम्ही ट्रॅक्टरचा ताशी खर्च काढायला शिकलो. गोठा रिकामा झाल्यावर माणसाच्या पोटात काय तुटतं, हे मात्र आमच्या एकाही पुस्तकात नव्हतं. आता आपल्या भोर-वेल्ह्यातही चिखलणीला पॉवर टिलर आला. काम सोपं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या बैलांचं कोण लिहिणार?

यादव विद्यापीठात शिकवत राहिले, त्याचबरोबर रा. रं. बोराडे यांच्यासारख्यांना घेऊन त्यांनी ग्रामीण साहित्याची चळवळ चालवली. खेड्यातल्या लिहित्या पोरांना आपल्या जगण्याची आणि बोलीची लाज वाटू नये, हा त्यांचा आग्रह.

तुमच्या घरी असं पोर असेल तर त्याला चंद्र-तारे राहू द्यायला सांगा. रोपं उपटताना आजी काय बोलते, म्हैस विकली त्या रात्री आई का जेवली नाही, हे लिहू दे. आजी बोलते तसंच लिहू दे. मग जेवणं झाल्यावर घरात वाचून दाखवायला लावा. काही चुकलं असेल तर आजी सांगेलच.