प्रार्थनागृहाशेजारचे सभागृह

सिनेगॉगला मराठी मुलखात दोन घरगुती नावे मिळाली. मुंबई-कोकणातील बेने इस्रायली मंडळी आपल्या प्रार्थनागृहाला 'मशीद' म्हणत. पुण्यात १८६७ साली बांधून झालेले ओहेल डेव्हिड लोकांच्या तोंडी 'लाल देऊळ' झाले. मूळ हिब्रू शब्द मात्र 'बेथ क्नेसेथ'. त्याचा अर्थ जमण्याचे घर, म्हणजे सभागृहच. आमच्या गावच्या सिनेगॉगच्या आवारात नवे सभागृह उभे राहिले, तेव्हा एखाद्या पवित्र वास्तूला जोडलेली लौकिक खोली असे त्याच्याकडे पाहिले गेले. शब्दाच्या अंगाने पाहिले तर तिथे त्या वास्तूचा जुनाच अर्थ पुन्हा वसतीला येऊ शकत होता.

मी बेने इस्रायली नव्हे. महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालो आहे, आणि एका शेजाऱ्यांच्या आग्रहावरून या सभागृहाच्या कामात स्वयंसेवक म्हणून आलो. विश्वस्तांपुढचा पहिला प्रश्न पैशाचा होता. लग्नसमारंभांना जागा भाड्याने दिली तर जुन्या इमारतीच्या डागडुजीचा खर्च निघेल, हे म्हणणे अजिबात क्षुद्र नव्हते. पण शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथ. त्या वेळी आवारात ध्वनिक्षेपक कसा चालावा? स्वयंपाकघराचे काय? मांस आणि दूध एकत्र येता कामा नये, या नियमामुळेही बेने इस्रायली घरांत नारळाच्या दुधाला इतके महत्त्व आहे. परक्या आचाऱ्यांच्या हाती ते स्वयंपाकघर देणे ज्येष्ठांना रुचेना. अखेर काही दिवस भाड्याचे ठरले, तेही बाहेरचे अन्न न आणण्याच्या अटीवर. रविवारची सकाळ मात्र वाचनासाठी राखून ठेवली गेली.

या सकाळीचे महत्त्व समजण्यासाठी एक गणित ध्यानात घ्यावे लागते. परंपरेनुसार सामूहिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. मागे उरलेल्या लहान गावांत दहा जण जमणे हीच मोठी गोष्ट झाली आहे. नववा माणूस आल्यावर दाराकडे लागलेले डोळे मी पाहिले आहेत. वाचनाला अशी अट नाही. तिथे स्त्रिया मोजल्या जातात, मुले मोजली जातात, माझ्यासारखा शेजारीही मोजला जातो.

आम्ही काय वाचतो? १८७४ साली पुण्यात छापलेल्या, हिब्रू आणि मराठी मजकूर असलेल्या हग्गादाची प्रतिकृती प्रथम वाचली. वल्हांडणाच्या रात्री घराघरांत वाचायचे हे पुस्तक. त्यातील चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका आपल्याकडच्या वेशात दिसतात. नंतर कीर्तनांकडे वळलो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बेने इस्रायली कीर्तनकारांनी आब्राहाम, योसेफ यांची आख्याने साकी, दिंडी, अभंग अशा वृत्तांत रचून गायिली. मराठी वाङ्मयेतिहासाच्या आपल्या अभ्यासक्रमात त्यांना क्वचितच जागा मिळते. वर्गात मी स्वतः कीर्तनपरंपरा शिकवताना नारदीय आणि वारकरी या दोन शब्दांपुढे फारसा जात नसे. अभ्यासक्रमाची वेस तिथेच संपत असे.

एके रविवारी एका विद्यार्थ्याने साकी गद्यासारखी वाचली. मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "असं नाही रे बाळा, ही म्हणायची असते," आणि त्यांनी चाल धरली. छापील ओळींत जे नव्हते ते त्यांच्या गळ्यात होते. त्या दिवसापासून आम्ही गायन ध्वनिमुद्रित करू लागलो. आता त्यांची इस्रायलमधील नातवंडे ते ऐकतात. त्यांना मराठी लिपी वाचता येत नाही, पण चाल ओळखीची वाटते.

तरीही एक सावधगिरी मला आवश्यक वाटते. उत्साही अभ्यासक एखाद्या छोट्या समाजाच्या घरात शिरले की घरचेच लोक प्रदर्शनातील वस्तू होऊन बसतात. आमच्याकडेही 'यहुदी वारसा दालन' करण्याची सूचना आली होती. काचेच्या कपाटांसाठी देणगीही मिळाली असती. आजींनी विचारले, "मग आम्ही बसायचं कुठे?" सूचना तिथेच थांबली. विषय समाजातील मंडळींनी सुचवायचा, सणवाराला सभागृह पूर्णतः त्यांचे, आणि ध्वनिमुद्रण गाणाऱ्याच्या संमतीवाचून बाहेर द्यायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे. माझ्या मते स्वयंसेवेचा अर्थ इतकाच: खुर्च्या मांडाव्यात, मजकूर उतरवून घ्यावा, आणि यजमानपण ज्यांचे त्यांच्याकडे राहू द्यावे.

जुन्या मराठी वह्या अजून पुष्कळ घरांत आहेत. कुटुंब स्थलांतर करते तेव्हा सामानाच्या वजनात त्या बसत नाहीत आणि रद्दीत जातात. त्या वेळेवर मिळवणे, उतरवून काढणे, चालींसह नोंदवणे हे काम मराठीच्या विद्यार्थ्यांचेही आहे. पुढच्या रविवारी योसेफाचे आख्यान आहे. म्हणणारे दोघेच आहेत आणि दोघांचीही वये ऐंशीच्या पुढची आहेत.