मान, कंबर आणि बाकीचं

चाळिशी संपत आली तेव्हा माझी मान काळी पडायला लागली. मुळात रंग सावळा, त्यामुळे बरेच दिवस कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पण कॉलरच्या वर, मागच्या बाजूला, कातडी मखमलीसारखी जाडसर झाली होती आणि घड्यांमध्ये काळ्या रेघा दिसत होत्या. घरात सगळ्यांचं एकमत होतं: घाम आणि लोकलची धूळ. बायकोने डाळीचं पीठ आणि दही लावून बघितलं, बहिणीने लिंबू सुचवलं. केस कापणारा म्हणाला, "साहेब, डी-टॅन करून घ्या, साफ निघून जाईल." करून घेतलं. मान लाल झाली, आग आग झाली आणि आठवड्याभरात पुन्हा होती तशी. जोडीला मानेवर आणि काखेत बारीक चामखिळी आल्या. त्या वयाच्या खात्यावर जमा झाल्या.

पोट सुटलंच होतं. घोरणं इतकं वाढलं होतं की मुलगा स्वतःच्या खोलीचं दार लावून झोपायचा. भरपूर झोपूनही सकाळी डोकं जड असायचं आणि दुपारी ऑफिसात फाइल समोर ठेवून डुलकी लागायची. आणखी एक गोष्ट होती, जी मी कुणालाच सांगितली नव्हती. बायकोजवळ गेलं की शरीर साथ देत नव्हतं. आधी कधीतरी व्हायचं, मग वरचेवर व्हायला लागलं. पुढे पुढे तर जमेल की नाही या धास्तीनेच जमेना. मी रात्री उशिरापर्यंत टीव्हीसमोर बसू लागलो. ती झोपली की आत जायचं. "अहो, काही झालंय का?" असं ती सुरुवातीला विचारायची. मी ऑफिसचं टेन्शन पुढे करायचो. मग तिने विचारणं सोडून दिलं.

कल्याण ते सीएसएमटी असा रोजचा प्रवास. रुळांच्या कडेच्या भिंतींवर काय लिहिलेलं असतं हे मुंबईकडच्या माणसाला सांगायला नको. मर्दानी कमजोरी, गुप्तरोग, निराश होऊ नका, आणि खाली मोबाइल नंबर. अशा जाहिरातींना आपल्याकडे 1954 पासून बंदी आहे. औषधे व जादुई उपाय कायदा त्यासाठीच आला. लैंगिक दुर्बलतेवर किंवा कामसुख वाढवण्यावर अमुक औषध चालतं असं जाहीर करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. तरी भिंती रंगतात, कारण गाडीत बसलेल्या माणसाला दुसरीकडे कुठे विचारायचं ते ठाऊक नसतं. आमच्या डब्यातला एकजण "शंभर टक्के आयुर्वेदिक" म्हणून एका पुडीची फार तारीफ करायचा. अशा 'वनस्पतीजन्य' पुड्यांमध्ये सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलंच औषध, गुपचूप मिसळलेलं असतं, हे जगभरच्या औषध-नियंत्रकांना तपासण्यांत पुन्हा पुन्हा आढळलं आहे. पुडीचा गुण येतो तो बहुतेक वेळा त्यामुळे. घेणाऱ्याला मात्र आपण काय घेतो आणि किती घेतो याचा पत्ता नसतो.

माझं सगळं उघडं पडलं ते ऑफिसच्या वार्षिक तपासणीत. उपाशीपोटी साखर 168. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी 8.9. साडेसहा आणि त्यापुढे म्हणजे मधुमेह. बायको म्हणाली, "मी येणार बरोबर. तुम्ही काय ऐकाल आणि मला येऊन काय सांगाल, देव जाणे."

मधुमेहतज्ज्ञ बाई होत्या, माझ्याहून वयाने लहान. त्यांनी फाइल उघडायच्या आधी माझी मान पाहिली. "कॉलर जरा खाली करा. हे कधीपासून?" मी घाम आणि धूळ सांगितलं. "हे घासून जाणार नाही," त्या म्हणाल्या. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडत राहतं. रक्तातल्या त्या वाढलेल्या इन्सुलिनमुळे मानेच्या, काखेच्या, जांघेच्या घड्यांमधली कातडी जाड आणि काळी होते. चामखिळी हाही त्याचाच भाग. या काळेपणाला अकॅन्थोसिस नायग्रिकन्स असं भारदस्त नाव आहे. साखर रिपोर्टात वाढलेली दिसण्याच्या कितीतरी आधी हे मानेवर दिसू शकतं. म्हणजे रोज आरशात जे दिसत होतं तोही एक रिपोर्टच होता, फक्त तो वाचणारं कुणी भेटलं नव्हतं.

मग टेप. उभं करून, श्वास सोडायला लावून त्यांनी कंबर मोजली. मी सवयीने पोट आत ओढलं. "सोडा, सोडा. इथे कोणी बघायला आलेलं नाही." 104 सेंटीमीटर. भारतीय पुरुषाची मर्यादा 90, बाईची 80. गोऱ्या लोकांसाठीची मर्यादा आपल्याला लागू करत नाहीत, कारण आपल्याकडे वजन फार नसलं तरी चरबी पोटाच्या आत साठते आणि तीच जास्त उपद्रव देते.

पुढे प्रश्न सुरू झाले. घोरता का, लघवीला रात्री किती वेळा उठता, पायाला मुंग्या येतात का. त्याच सुरात, कागदावरून नजर न उचलता, "लैंगिक संबंध कसे आहेत?"

मी घसा खाकरला. बायको म्हणाली, "नाहीतच."

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. बाईंनी ते लिहून घेतलं, जसं घोरणं लिहिलं होतं तसंच. "कधीपासून?" "वर्ष-दीड वर्ष झालं असेल," हेही बायकोनेच सांगितलं. मग त्यांनी मला विचारलं, सकाळी जाग येताना ताठरता असते का. पूर्वी असायची, आता क्वचित. तो प्रश्न महत्त्वाचा होता. झोपेत आणि पहाटे सगळं नीट होत असेल तर शरीराची यंत्रणा शाबूत असून अडचण मनाच्या बाजूने असण्याचा संभव जास्त. तिथेही कमी झालं असेल तर रक्तवाहिन्या आणि नसा तपासायच्या.

त्यांनी लेटरहेडच्या मागच्या बाजूला दोन गोल काढले, एक लहान आणि एक मोठा. शिश्नाच्या रोहिणीचा व्यास एक-दोन मिलिमीटर, हृदयाच्या रोहिणीचा तीन-चार. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू यांनी आतलं अस्तर सगळीकडे सारखंच बिघडतं, पण तक्रार आधी बारीक वाहिनी करते. छातीत दुखण्याच्या दोन-तीन वर्षं आधी बिछान्यातली अडचण सुरू झाली, असं पुष्कळ पुरुषांच्या बाबतीत दिसतं. "म्हणून मी हे विचारते," त्या म्हणाल्या. "यांच्या हृदयाची तपासणी आधी. गोळीचं नंतर बोलू."

येताना रिक्षात आम्ही दोघं काही बोललो नाही. घरी आल्यावर तिने चहा टाकला आणि म्हणाली, "मला वाटत होतं, मी आवडेनाशी झाले." एवढं एकच वाक्य. पुरुषाची ही अडचण त्याच्या एकट्याची असते असं मी धरून चाललो होतो. ती मात्र स्वतःच्या पांढऱ्या होणाऱ्या केसांमध्ये आणि सुटलेल्या अंगामध्ये त्याचं कारण शोधत बसली होती.

ईसीजी, स्ट्रेस टेस्ट, रक्ताच्या तपासण्या झाल्या. टेस्टोस्टेरॉन तपासायचं तर रक्त सकाळीच द्यावं लागतं, कारण दिवस चढेल तसं ते उतरतं. माझं किंचित कमी निघालं. पोटाची चरबी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करते, वजन उतरलं तर ते आपोआप वर येण्याची शक्यता आहे, इंजेक्शनची घाई नको, असं बाईंनी सांगितलं. रक्तदाबाची माझी जुनी गोळी बीटा-ब्लॉकर गटातली होती. त्या गटातल्या काही गोळ्यांनी ताठरतेवर परिणाम होऊ शकतो, म्हणून त्यांनी ती हळूहळू कमी करून दुसरी दिली. ही गोळी आपल्या मनाने एकदम बंद केली तर हृदयाला धोका, हे त्यांनी अधोरेखित करून लिहिलं.

साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन. दुसरी गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते, रोज साधारण 70 ग्रॅमपर्यंत. साखर उतरली, वजनही थोडं उतरलं, आणि काही दिवसांनी शिश्नाच्या टोकाला खाज आणि लालसरपणा आला. गोड लघवीवर बुरशी पोसते. बायकांना याचा त्रास आणखी जास्त होतो. मलम लावून गेलं. लघवीनंतर पाण्याने धुऊन कोरडं करायचं, एवढ्या साध्या सवयीवर ते आता आटोक्यात आहे. पण या गोळीवर असलेले किती पुरुष ही खाज सहन करत गप्प बसत असतील आणि मनात भलभलत्या शंका घेत असतील, असा विचार येतो. मेटफॉर्मिनने वर्षानुवर्षांत बी-12 कमी होतं, आम्ही शाकाहारी, म्हणून तेही तपासलं जातं.

हृदयाचा अहवाल बरा आल्यावर सिल्डेनाफिलची चिठ्ठी मिळाली. देण्याआधी बाईंनी एकच गोष्ट खोदून खोदून विचारली: सॉर्बिट्रेट घेता का? घरात कुणाची असते का? छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची ती गोळी आणि ही गोळी एकत्र आल्या तर रक्तदाब जीवघेणा खाली जाऊ शकतो. गंमत म्हणजे सिल्डेनाफिल मुळात छातीदुखीवरचं औषध म्हणूनच इंग्लंडात तपासलं जात होतं. तिथे ते फारसं चाललं नाही, पण औषध घेतलेल्या पुरुषांनी वेगळाच परिणाम सांगितला, आणि 1998 साली अमेरिकेत त्याला या कामासाठी मान्यता मिळाली.

कल्याणला सगळे ओळखीचे, म्हणून मी ठाण्याला उतरून एका गर्दीच्या मेडिकलमध्ये गेलो. चिठ्ठी घडी करून सरकवली. काउंटरवरच्या पोराने ती उलगडली आणि मागच्या रॅककडे तोंड करून ओरडला, "सिल्डेनाफिल, पन्नास की शंभर?" शेजारी खोकल्याचं औषध घेणाऱ्या आजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मलाच उगीच घाम फुटला होता. गोळी घेतली की काहीतरी आपोआप होतं ही समजूतही गेली. भरपेट तेलकट जेवणावर घेतली तर तिला उशीर लागतो, आणि मुळात ओढ नसेल तर ती काहीच करत नाही. माझं नाक चोंदायचं, चेहरा लाल व्हायचा. बायको हसायची. ते हसणं किती दिवसांनी ऐकत होतो.

गोळीने धास्ती घालवली. बाकीचं काम कंबरेने करायचं होतं. 2004 साली इटलीतल्या 110 लठ्ठ पुरुषांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांनाच ताठरतेची अडचण होती, मधुमेह मात्र नव्हता. ज्यांना दोन वर्षं आहार आणि व्यायाम नीट शिकवून वजन उतरवायला लावलं, त्यांच्यापैकी साधारण एक तृतीयांश पुरुषांची अडचण औषधावाचून गेली. मला मधुमेह असल्यामुळे तेवढी आशा बाईंनी दाखवली नाही, पण दिशा तीच सांगितली. स्टेशनबाहेरचा संध्याकाळचा वडापाव बंद झाला. रात्रीचा भात एका मुदीवर आला, जेवण आठला. लोकलमध्ये उभं राहणं हा व्यायाम नव्हे हे मान्य करून सकाळी भरभर चालणं आणि बैठका सुरू केल्या. घोरणं कमी झालं तेव्हा मुलाने दार उघडं टाकून झोपायला सुरुवात केली.

अकरा किलो उतरले आणि लोकांनी हैराण केलं. "काय हो, बरं आहे ना?" "साखरेने खाल्लं वाटतं." आपल्याकडे भरलेला चेहरा म्हणजे तब्येत. गाल बसले की माणूस आजारी. लग्नात एका मामींनी बायकोला बाजूला घेऊन "नीट खायला घालतेस ना?" असं विचारलं. मार्च 2025 मध्ये मौंजारो हे वजन उतरवणारं इंजेक्शन भारतात आल्यापासून ऑफिसात आणखी एक-दोघांचे चेहरे असे उतरलेले दिसतात. त्यांना तर इंजेक्शनबरोबर टोमणेही पोचतात. वजन भरभर उतरताना स्नायूही झिजतात, म्हणून प्रथिनं आणि वजन उचलण्याचा व्यायाम हवा, हे मात्र त्यांना टोमणे मारणाऱ्यांपैकी कुणी सांगत नाही.

चेहरा बारीक झाल्यावर टक्कल उठून दिसायला लागलं. त्वचेच्या डॉक्टरांनी फिनास्टेराइडचा पर्याय सांगितला, आणि थोड्या पुरुषांमध्ये त्याने कामेच्छा किंवा ताठरता कमी होते हेही सांगितलं. मी केस सोडून दिले.

बायकोची पाळी याच सुमाराला गेली. कोरडेपणामुळे तिला दुखायचं आणि ती ते सोसत होती, कारण आता कुठे माझं मार्गी लागलं होतं. हे तिने तिच्या डॉक्टरना सांगितलं, मग मला. त्यांनी लावायचं इस्ट्रोजेन क्रीम दिलं, शिवाय साधं वंगणाचं जेल. एकाचीच दुरुस्ती करून संसाराचा हा भाग चालत नाही.

मराठीत हे प्रश्न छापून विचारायची सोय र. धों. कर्वे यांनी 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' काढून केली. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि 1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. खटला हरले, तरी मासिक 1953 पर्यंत, कर्वे जाईपर्यंत, चाललं. एवढा वारसा असून डब्यात अजून भिंतीवरचा नंबरच उतरवून घेतला जातो.

हल्ली ओळखीचे एक-दोघं मला बाजूला घेऊन विचारतात, "ती गोळी कुठली हो?" मी नाव सांगत नाही. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि हृदय तपासून घ्या म्हणतो. कंबर मोजा, सॉर्बिट्रेट असेल तर ते आधी सांगा म्हणतो. आणि डॉक्टरकडे जाताना बायकोला बरोबर न्या. तुम्ही घसा खाकरत बसाल, उत्तर तीच देईल.