पुढच्या वर्षी नक्की!

"बेसबॉल? म्हणजे आपला विटी-दांडूच की रे, फक्त विटी गोल!"

फर्स्ट इयरला हॉस्टेलवर आलो तेव्हा माझ्या रूम पार्टनरने माझ्या वेडाची अशी वासलात लावली होती. आता तोच सकाळी दात घासता घासता विचारतो, "काय रे, हरले का तुमचे दर्यावर्दी?" आणि असं विचारतो, की उत्तर त्याला आधीच ठाऊक असावं.

तर मंडळी, हे दर्यावर्दी म्हणजे सिॲटल मरिनर्स. अमेरिकेच्या मेजर लीगमधल्या 30 संघांपैकी एक. 1977 साली जन्मलेला हा संघ 2025 पर्यंत एकदाही वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम लढत, खेळलेला नाही. तिसांत असा हा एकटाच! तुम्ही म्हणाल, वेड लावून घ्यायला दुसरा संघ नव्हता का? तर दोष माझ्या मामाचा. मामा 2001 साली नोकरीसाठी सिॲटलला गेला. त्याच वर्षी मरिनर्सनी 162 पैकी 116 सामने जिंकून 1906 च्या शिकागो कब्जच्या विक्रमाशी बरोबरी केली. जपानहून आलेला इचिरो सुझुकी पहिल्याच मोसमात सर्वोत्तम नवोदितही ठरला आणि एमव्हीपी, म्हणजे सर्वांत मौल्यवान खेळाडूही. मामाला वाटलं, इथे दरवर्षी असंच असणार. मग प्लेऑफमध्ये न्यूयॉर्क यांकीजनी 4-1 असं घरी पाठवलं. मामाने आजीला फोनवर सांगितलं, "पुढच्या वर्षी नक्की."

त्यानंतरचे सलग 20 मोसम हा संघ प्लेऑफच्या दारातसुद्धा गेला नाही. दोन-तीन वर्षांत परत येतो, असंही मामा त्याच फोनवर म्हणाला होता म्हणे. असो.

आमचा नेमच आहे. तिकडे संध्याकाळी 7.10 ला सामना सुरू झाला की उन्हाळ्याच्या वेळेनुसार इथे सकाळचे 7.40 वाजलेले असतात. मेसमध्ये पोह्यांच्या रांगेत पहिली इनिंग, पहिल्या लेक्चरला शेवटच्या बाकावर चौथी, आणि प्रॅक्टिकलला जर्नल शोधायचं निमित्त करून नववी. माझ्या हजेरीचा आकडा आणि मरिनर्सचा आकडा दोन्ही मोसमभर काठावर का असतात, हे सरांना आता कळेल. (सर, हे वाचत असाल तर क्षमस्व!)

पण आज लिहायला बसलोय ते बक्षिसांविषयी. मोसम संपला की एमव्हीपी, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार, वगैरे जाहीर होतात. एमव्हीपीची मतं देतात 30 पत्रकार. लीगमधल्या प्रत्येक संघाच्या शहरातले दोन. प्रत्येकाने क्रमाने दहा नावं लिहायची. पहिल्याला 14 गुण, दुसऱ्याला 9, तिसऱ्याला 8, असं उतरत जायचं. आणि मुख्य म्हणजे, मतपत्रिका प्लेऑफ सुरू व्हायच्या आत द्यायची. म्हणजे वर्षभराचं काम वेगळं आणि फायनल वायवा वेगळी. मला ही पद्धत फार आवडते.

बक्षिसांबाबत माझं एक ठाम तत्त्व होतं, आणि त्या तत्त्वाचा देव होता फेलिक्स हर्नांडेझ. 2010 साली या पठ्ठ्याच्या नावावर 13 विजय आणि 12 पराभव होते. तिकडे यांकीजचा सी. सी. सबाथिया 21 विजय घेऊन बसलेला. पण पिचरच्या नावावर विजय लागायचा तर त्याच्या संघाने धावाही करायला हव्यात ना! त्या वर्षी मरिनर्सनी 162 सामन्यांत फक्त 513 धावा केल्या आणि 101 सामने हरले. अशा संघात फेलिक्सने 249 हून जास्त इनिंग टाकल्या आणि नऊ इनिंगमागे सरासरी 2.27 धावा दिल्या. पत्रकारांनी विजयांचा रकाना बाजूला ठेवला आणि साय यंग त्यालाच दिला. 28 पैकी 21 जणांनी त्याला पहिली पसंती दिली होती. पुढे 2025 मध्ये पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सला 10 विजय, 10 पराभव असताना नॅशनल लीगचा साय यंग एकमताने मिळाला, त्याची वाट 2010 नेच मोकळी केली होती, असं माझं मत आहे.

ज्यांच्या ग्रुपमध्ये चारजणांचं प्रोजेक्ट एकटाच ओढतो, त्यांना फेलिक्स लगेच कळेल. तो 2005 ते 2019 मरिनर्सकडूनच खेळला आणि प्लेऑफचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. म्हणून मी छातीठोकपणे सांगायचो, "बक्षीस माणसाच्या कामाला द्यावं, संघाच्या निकालाला नाही!"

आणि मग आला 2025 चा मोसम.

आमचा कॅल रॅली हा कॅचर. कॅचर म्हणजे साधारण आपला विकेटकीपर, फक्त त्याच्याइतका सुखी नाही. प्रत्येक चेंडूला उकिडवं बसायचं, ताशी 150 किलोमीटरहून जोरात येणारे चेंडू झेलायचे, पिचरला कुठला चेंडू टाकायचा ते सुचवायचं, आणि गुडघे उरले तर बॅटिंग करायची. या माणसाने त्या वर्षी 60 होम रन मारले! एका मोसमात 60 गाठणारा इतिहासातला तो सातवाच. कॅचरचा आधीचा विक्रम होता 48. मरिनर्सनी 90 सामने जिंकून 2001 नंतर पहिल्यांदा आपला गट जिंकला.

नोव्हेंबरात एमव्हीपी मिळाला यांकीजच्या ॲरन जजला.

मी दिवसभर कुणाशी बोललो नाही. रात्री मेसमध्ये मात्र फुटलो. "अरे, कॅचरने 60 मारले! संघाला गट जिंकून दिला! यांकीजना गट तरी जिंकता आला का?" रूम पार्टनर शांतपणे चपाती मोडत म्हणाला, "थांब. त्या फेलिक्सच्या वेळी संघाचा निकाल बघायचा नव्हता ना? मग आता कसा बघतोस?"

वरण नाकात गेलं हो माझ्या!

बरं, हा गडी एवढ्यावर थांबला नाही. कागदावर गणित मांडलं. जजला 355 गुण, रॅलीला 335. पहिल्या क्रमांकाची मतं 17 आणि 13. सतरा गुणिले चौदा 238, तेरा नव्वे 117, बेरीज 355. म्हणजे तिसांपैकी एकानेही या दोघांना पहिल्या दोनांच्या बाहेर टाकलं नव्हतं. "यात अन्याय कुठे आहे? दोन पोरांनी तणतणेपर्यंत भांडावं एवढीच ही चुरस आहे," तो म्हणाला. जजची सरासरी .331, लीगमध्ये सर्वांत जास्त. होम रन 53. रॅलीची सरासरी .247. हे आकडे मला पाठ होते, फक्त मी ते मोठ्याने म्हणत नव्हतो.

त्या रात्री झोप लागली नाही. बक्षिसाचं दुःख होतंच, पण आपलं तत्त्व आपल्याच माणसासाठी आपण किती पटकन वाकवलं, याचं जास्त वाटलं. आपल्याला कमी मार्क पडले की पेपर तपासणारा वाईट, आणि जास्त पडले की अभ्यास केला होता. तसंच झालं हे. शेवटी मी माझी मतपत्रिका पुन्हा लिहिली. पहिलं नाव अजूनही रॅलीच. पण "गट जिंकला" हे कारण खोडलं. कारण एकच ठेवलं: 159 सामने खेळताना बहुतेक वेळ उकिडवं बसून 60 होम रन मारणं हे काम जास्त अवघड आहे. आणि जजचं नाव पहिलं लिहिणाऱ्या 17 जणांना मी आता मूर्ख म्हणत नाही. एवढी प्रगती मला तीन सेमिस्टरमध्ये जमली नव्हती.

प्लेऑफचं मात्र वेगळं आहे. तिथे तत्त्व-बित्त्व काही चालत नाही, तिथे नुसता जीव टांगणीला. 30 सप्टेंबर 2022 ला याच रॅलीने नवव्या इनिंगमध्ये, दोन बाद असताना, बदली बॅट्समन म्हणून येऊन होम रन मारला आणि 20 मोसमांचा वनवास संपवला. मी तेव्हा बारावीत होतो. मामा स्टेडियममधून फोनवर नुसता ओरडत होता, शब्द एकही कळला नाही. मग 2023 आणि 2024, दोन्ही वर्षं प्लेऑफ फक्त एका सामन्याने हुकला. एका मार्काने राहिलेल्यांनी इथे एक मिनिट शांतता पाळावी.

आणि 2025. डेट्रॉइटला 15 इनिंगच्या निर्णायक सामन्यात हरवलं. टोरांटोविरुद्ध सातपैकी पहिले दोन सामने त्यांच्याच घरी जिंकले. वर्ल्ड सिरीजला दोनच विजय कमी! मालिका 3-3 अशी आली. सातवा सामना आपल्याकडे 21 ऑक्टोबरच्या पहाटे, म्हणजे ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. घरी दिवाळीला गेलो होतो. आई म्हणाली, "अभ्यासाला कधी उठला नाहीस असा!" आजीही रांगोळी सोडून मोबाइलपाशी येऊन बसली. खेळ कळत नव्हता तिला, पण "माझ्या लेकाचा संघ आहे ना" म्हणून. सातव्या इनिंगपर्यंत आम्ही 3-1 ने पुढे. मग टोरांटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने तीन धावांचा होम रन मारला. 4-3. खलास.

आमचा भरवशाचा शेवटचा पिचर मुन्योझ तेव्हा बसूनच होता. त्याला तिथे आणायला हवं होतं, या मतावर मी आजही ठाम आहे. या बाबतीत रूम पार्टनरशीही चर्चा करायची माझी तयारी नाही.

थोड्या वेळाने मामाचा फोन आला. तिकडे रात्र झालेली. आवाज बसलेला. आजीने फोन घेतला आणि त्याने काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "असू दे रे. पुढच्या वर्षी."

पलीकडे मामा बराच वेळ गप्प होता. आजी संघाविषयी बोलली की दुसऱ्या कशाविषयी, ते त्याला कळलं असावं. मला जरा उशिरा कळलं.

मित्रहो, बक्षीस झालेल्या कामाचं असतं, म्हणून त्याचा हिशोब चोख हवा, आपला माणूस असला तरी. आशेचा हिशोब मात्र करायचा नसतो. तो केला असता तर मामाने 2002 लाच टीव्ही विकला असता, आणि आजीनेही दर दिवाळीला त्याच्या वाटणीच्या करंज्या वेगळ्या काढणं कधीच सोडलं असतं.

तेव्हा, पुढच्या वर्षी नक्की! दोन्ही.