नव्या आज्ञावलीचा मोह

हॅम रेडिओच्या छंदांत पूर्वीं यंत्र सुधारावयाचें म्हणजे तें उघडून तारांना डाख द्यावा लागे. आतां आमच्या मेजावरील, २०१६ सालीं बाजारांत आलेल्या आयकॉम आयसी-७३०० यंत्रांत लहरी निवडणें, गोंगाट गाळणें हें काम बहुतांशीं आंकड्यांच्या गणितानेंच होतें. म्हणून त्याची सुधारणा म्हणजे फर्मवेअर, अर्थात् स्मृतींत वसविलेली आज्ञावली, बदलणें. नवी आज्ञावली एसडी कार्डावरून कांहीं मिनिटांत चढते. परंतु तेवढ्यांत वीज गेली तर यंत्र मुकें होण्याचें भय असतें.

मग बदल करावा कीं न करावा? जुनें तें सोनें म्हणणारे व नवें तेंच हवें म्हणणारे आम्हांस सारखेच आळशी वाटतात. दोघेहि सोबतचें टिपण वाचीत नाहींत. दुरुस्त झालेला दोष आपणांस नडतो काय, हा पहिला प्रश्न. दुसरा अधिक गंभीर आहे. २६ डिसेंबर २००४ रोजीं त्सुनामीनंतर अंदमानांत दूरध्वनि बंद पडले, तेव्हां पोर्ट ब्लेअर येथें असलेल्या हौशी रेडिओकारांनीं मुख्य भूमीशीं निरोपांची देवघेव केली. तसा दिवस आगाऊ कळवून येत नाहीं. ज्या यंत्रावर तेव्हां विसंबावयाचें, त्याची प्रकृति ऐन पावसाळ्याच्या तोंडावर ढवळणें शहाणपणाचें नव्हे.

म्हणून आम्हीं ठरविलें आहे: दोष नडणारा असेल तरच बदल करावयाचा, तोहि दिवाळीच्या सुटींत, सर्व मांडणी कार्डावर जपून ठेवून, घरच्या विजेऐवजीं भरलेल्या बॅटरीवर. कुतूहलास चार महिने थोपवितां येतें, संकटास नाहीं.