वीस आकड्यांचा श्वास

पुणे, २१ जानेवारी २०२५
नर्सिंग कॉलेजात गुलाँ-बारी सिंड्रोमवर छोटी टीप लिहिली होती. आज न्यूरो आयसीयूत ओळीने खाटा त्याच आजाराच्या. बहुतेक पेशंट सिंहगड रोडकडचे: किरकटवाडी, नांदेड, धायरी. नातेवाइकांना विचारलं की तेच ऐकू येतं. आधी जुलाब-उलट्या, ते थांबले, मग काही दिवसांनी पायांना मुंग्या आणि जिना चढवेना. पोटातल्या जंतूशी लढायला शरीर जी अँटिबॉडी तयार करतं, तीच नसांवर उलटते.

२२ जानेवारी
इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "सॅच्युरेशन ९८ दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नकोस. ते खाली येईपर्यंत उशीर झालेला असतो. पेशंटला मोजायला लाव."

पूर्ण श्वास घ्यायचा आणि त्या एका श्वासात एक, दोन, तीन म्हणत जायचं. कोपऱ्यातल्या खाटेवरचा कॉलेजचा मुलगा सकाळी चोवीसपर्यंत गेला. दुपारी एकोणीस. चार वाजता तेरावर आवाज विरला. मॉनिटरवर अजून ९७. डोकं उशीवरून उचलायला सांगितलं, तर मानेच्या शिरा ताणल्या, डोकं तसंच. मानेचे स्नायू थकले की श्वासाचेही थकत असतात. रेसिडेंटना बोलावलं. तासाभरात ट्यूब टाकली, घाईगडबड न होता. त्याआधी त्याचा हात धरून सांगितलं, "थोडे दिवस हे मशीन तुझ्याऐवजी श्वास घेईल."

२४ जानेवारी
त्याचं इम्युनोग्लोब्युलिन चालू आहे. किलोमागे ०.४ ग्रॅम, पाच दिवस. साठ किलोच्या मुलाला रोज २४ ग्रॅम, म्हणजे एकूण १२०. बाटली फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची आणि हलवायची नाही, फेस होतो. सुरुवात अगदी सावकाश. थंडी वाजली, छातीत दाटलं तर लगेच थांबवायचं. प्रत्येक बाटलीचा बॅच नंबर केसपेपरवर. बाहेर त्याचे वडील बिलाच्या पावत्या बोटांनी सरळ करत बसलेले असतात.

२७ जानेवारी
आज राउंडला त्याच्या खाटेशी उभं राहून ट्रॅकिऑस्टॉमीची, म्हणजे गळ्यातून श्वासनळीत नळी बसवण्याची चर्चा झाली, तो जणू तिथे नाहीच अशी. मला हे मुळीच पटलं नाही. या आजारात हातपाय जातात, शुद्ध जात नाही. तो सगळं ऐकतो. चादरीची घडीसुद्धा त्याच्या तळव्यांना टोचते.

राउंड संपल्यावर पुठ्ठ्यावर मुळाक्षरं मोठी लिहिली. ओळीवर बोट ठेवायचं, हवी ती ओळ आली की त्याने पापणी मिटायची, मग त्या ओळीतलं अक्षर. काना-मात्रा अंदाजाने. 'क' आलं. बऱ्याच वेळाने 'स'. कूस! कूस बदलून हवी होती. मावशींना हाक मारली, दोघींनी वळवलं, पाठीला उशी लावली. त्याने पापणी मिटून उघडली, आणि मी पुठ्ठा पुन्हा समोर धरला. आणखी काही सांगायचं असेल तर वेळ आहे म्हटलं.

भेटीच्या वेळी आईने विचारलं, "सिस्टर, त्याला कळतं का हो?"

"सगळं कळतं, काकू. बोला त्याच्याशी."

त्यांना सुचेना. मग म्हणाल्या, "बाबांनी तुझ्या गाडीचं सर्व्हिसिंग करून आणलंय."

नाडी ११० वर गेली आणि हळूहळू उतरली. या आजारात नाडी-बीपी अकारणही वर-खाली होतात, हे मला माहीत आहे. तरी मी ती वेळ टिपून ठेवली.

३० जानेवारी
फिजिओ मॅडमनी खांदा उचलायला सांगितलं आणि तो किंचित हलला. पाय अजून नाहीत. सुधारणा अशीच येते, आठवडे-महिने घेत. काही पेशंटच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू सापडल्याच्या बातम्या आहेत. घरी फोन करून पाणी उकळूनच प्या म्हणून सांगितलं.

नाइटच्या सिस्टरना हँडओव्हर: टाचा खाटेला टेकू देऊ नका, डोळे नीट मिटत नाहीत म्हणून थेंब वेळेवर, सक्शन करताना नाडीकडे लक्ष, ती अचानक मंदावते. पुठ्ठा उशाशी आहे. आणि सक्शन असो, सुई असो, हात लावण्याआधी त्याला सांगा.