चूक आहे, पण कुठे?

भाषाविज्ञानाच्या शिक्षकाने मूळ संख्यांविषयी लिहावे, याचे तुम्हांला नवल वाटेल. शब्दांची वारंवारता मोजता यावी म्हणून पन्नाशीनंतर मी पायथनमध्ये आज्ञावली लिहायला शिकलो. सरावासाठी प्रश्न घेतला तो असा : दिलेली संख्या मूळ की संयुक्त?

माझी पहिली आज्ञावली भाबडी होती. १००९ ला ती २ पासून १००८ पर्यंत प्रत्येक संख्येने भागून पाही. वास्तविक ३१ पर्यंत गेले तरी पुरते. कारण संख्या संयुक्त असेल, तर तिचा एक तरी अवयव वर्गमूळाच्या अलीकडे सापडतोच. त्यातही मूळ संख्यांनीच भागायचे, म्हणजे अवघे अकरा भागाकार. (‘मूळ’ शोधताना ‘वर्गमूळा’पाशी थांबावे लागते, याची मला उगीचच मौज वाटली.) परंतु संख्या शंभर अंकी झाली, की ही युक्तीही लंगडी पडते.

तेव्हा मी फर्माच्या १६४० मधील नियमाकडे वळलो. कोणतीही विषम मूळ संख्या घ्या, तिच्याहून एकने कमी इतका २ चा घात करा आणि त्याला त्या संख्येने भागा. बाकी १ उरते. ती वेगळी आली, तर संख्या निश्चितपणे संयुक्त. एकही अवयव हाती न लागता हे कळते! येथे मी थबकलो. ‘तो रुसून बसला’ हे आपल्याला चालते. ‘तो हसून बसला’ हे खटकते. असेच एक वाक्य मी पूर्वी एका विद्यार्थ्याच्या वहीत तांबड्या शाईने खोडले होते. “सर, चूक कुठे आहे?” त्याने विचारले. “मराठीत असे म्हणत नाहीत,” एवढेच मी म्हणालो होतो.

नियमाची उलट बाजूही मी गृहीत धरली : बाकी १ आली, की संख्या मूळ. आज्ञावलीने ३४१ ला मूळ ठरवले आणि मी ते वर्गात अभिमानाने सांगितले. मागच्या बाकावरील एका मुलीने ३ आणि १ मिळवून त्यातून ४ वजा केले. शून्य! म्हणजे ११ ने भाग जातो. अकरा गुणिले एकतीस. शाळेतली कसोटी माझ्या यंत्राला भारी पडली. १०२४ ला ३४१ ने भागले तर बाकी १ उरते, म्हणजे २ चा दहावा घातच फसवतो. मग तीनशे चाळिसावाही फसवणारच. २ ऐवजी ३ घेतले, तर बाकी ५६ येते आणि सोंग उघडे पडते. ५६१ मात्र अधिक बेरकी. तिचे अवयव ३, ११ व १७; त्यांपैकी कशानेही भाग न जाणारा कोणताही पाया घ्या, बाकी १ च. तिच्यासाठी मिलर-राबिन यांची कडक कसोटी लागते.

२००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कोणत्याही संख्येचा संशयातीत आणि तत्त्वतः जलद निर्णय देणारी रीत सिद्ध केली. व्यवहारात मिलर-राबिनच अधिक वापरतात. ती वेगवान आहे. मात्र मोठ्या संयुक्त संख्येचे अवयव कोणते, याचे उत्तर यांपैकी कोणतीही रीत हमखास देत नाही.

तो विद्यार्थी आता कोठे आहे, मला ठाऊक नाही. हल्ली अशा वाक्याखाली मी पेन्सिलीने ‘खटकते’ एवढेच लिहितो आणि कारणासाठी दोन ओळी कोऱ्या सोडतो. ‘हसून बसला’खालच्या दोन्ही ओळी अद्याप कोऱ्या आहेत.