अर्ध्यावरची काच

नांदेडहून लातूरला जाणारा रस्ता माझ्या इतका अंगवळणी पडला आहे की, एस.टी.त डोळे मिटून बसलो तरी गाडी सोनखेडला थांबली की लोह्याला, हे मी नुसत्या गलक्यावरून सांगेन. अशा रस्त्याचे प्रवासवर्णन लिहावे असे मला कधी वाटले नव्हते. प्रवासवर्णन लिहावे ते काश्मीरचे, फार तर कोकणचे. सोनखेडचे वर्णन सोनखेडचा माणूसही वाचणार नाही! पण गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर हाच रस्ता मी एका निराळ्या रीतीने पाहिला. पाहिला म्हणणेही चूकच, कारण अर्ध्या वाटेपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर एक पुठ्ठा होता.

झाले असे. आईच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू नांदेडला काढला. मी नोकरीनिमित्त नांदेडला. आई लातूरला धाकट्या भावाकडे असते. तिसऱ्या दिवशी तिला घरचे वेध लागले. फराळाचे करायचे राहिले आहे, नातवंडे वाट पाहत असतील, वगैरे. डॉक्टरांनी जायला परवानगी दिली. मात्र काळा चष्मा काढायचा नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचे नाही आणि धूळ तर मुळीच जाऊ द्यायची नाही, असे तीन-तीनदा बजावले. सुट्ट्यांमुळे एस.टी.त पाय ठेवायला जागा नव्हती. नेमका भाऊ त्याच वेळी नांदेडात होता. त्याची मालवाहू पिकअप आहे. लातूरच्या गिरणीतली तुरीची डाळ त्याने नांदेडच्या दुकानदारांकडे पोचवली होती आणि रिकामी गाडी घेऊन तो परत निघाला होता. आई म्हणाली, "घरची गाडी असताना दुसऱ्याचे पाय कशाला धरायचे?"

घरची गाडी होती, पण तिच्या डाव्या दाराची काच वर जात नव्हती.

या काचेचा इतिहास थोडक्यात सांगतो. भावाची पहिली पिकअप जुनी होती. तिच्या दाराला फिरवायचे हँडल होते. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे वाचकांना आठवत असेल. त्या उन्हाळ्यात भावाने त्या गाडीवर प्लॅस्टिकची टाकी बांधून गल्लीबोळांतून पाणी पोचवले. ती गाडी गेली आणि त्याने कर्ज काढून ही दुसरी घेतली. हिला हँडलाऐवजी बटण. बटण दाबले की काच आपोआप खाली, उलटे दाबले की वर. पहिल्या दिवशी मुलांनी ती इतक्या वेळा खालीवर केली की, आईने पेढे वाटताना "आता तिला दम खाऊ द्या रे" म्हटल्याचे मला आठवते.

दीड वर्षाने काचेने खरोखरच दम खाल्ला. लातूरच्या एका कारखान्यात मोटर बदलली. पंधरा दिवस चालली आणि पुन्हा बंद. मग स्विच बदलला. तीन आठवडे चालला. मग पुन्हा मोटर. तिन्ही खेपा मिळून आठ-नऊ हजार रुपये गेले. तिसऱ्या खेपेला त्याने माझ्याकडे पैसे मागितले. मी दिले, पण पैशाबरोबर व्याख्यानही दिले. आमच्या धंद्यात ही एक वाईट खोड असते. तो फोनवर एवढेच म्हणाला होता, "दादा, दार उघडं असलं की काच चालते बघ. बंद केलं की बसते." मी हसून म्हणालो, "अरे, दार उघडे आहे की बंद, हे काचेला कसे कळणार?" त्यावर तो काही बोलला नाही. पुढे काचेचा विषय त्याने माझ्यापाशी काढला नाही, आणि पैशांचाही.

नांदेडला आला त्या रात्री तो जेवला आणि माझ्या घरी न झोपता खाली गाडीतच जाऊन झोपला. मी आग्रह केला, तर म्हणाला, "मला तिथं बरं पडतं." मी मनात म्हटले, राग आहे अजून.

सकाळी निघालो. गिअरच्या दांडीमुळे आई पाय एका अंगाला घेऊन मधे बसली, आणि मी खिडकीशी. काच अर्ध्यावर अडलेली. प्रथम मी शाल धरून पाहिली. गाडीने वेग घेताच शाल शिडासारखी फुगली आणि आईच्याच तोंडावर आली. तेव्हा भावाने एका खोक्याचा पुठ्ठा कापून, चिकटपट्टीने खिडकीला लावला. कापण्याची सफाई पाहून मला शंका आली की, हा काही पहिलाच पुठ्ठा नव्हे.

गोदावरीचा पूल ओलांडला. बाहेरगावच्या माणसाला नांदेड म्हणजे हुजूर साहिबचा गुरुद्वारा. २००८ साली गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला, तेव्हा या गावाचे कितीतरी रस्ते रुंद झाले. पण आमचे नांदेड संपते ते विष्णुपुरीला. तिथे १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ, आणि त्याच्याही आधीचे, १९८१चे, गुरु गोविंदसिंहजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय. अभियंते घडवणाऱ्या त्या महाविद्यालयावरून आम्ही खिडकीला पुठ्ठा लावून गेलो, याचे मला त्या वेळी हसू आले. नंतर आले नाही.

आईला बाहेरचे दिसत नव्हते. एका डोळ्याला शस्त्रक्रिया, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत आलेला, वर काळा चष्मा आणि शेजारी पुठ्ठा. ती मला विचारू लागली, "आता काय आलं रे?" मी पुठ्ठ्याच्या फटीतून पाहून सांगू लागलो. सोयाबीन निघालेले होते. रिकाम्या काळ्या रानांत तूर तेवढी उभी होती, पिवळ्या फुलांनी भरलेली. कुठे कुठे मळणीयंत्राभोवती भुसकटाचा ढग उठला होता. "तूर कंबरेइतकी आहे की डोक्याइतकी?" आईने विचारले. मी नीट पाहिले नव्हते. भाऊ म्हणाला, "डोक्याच्या वर हाय, आई. पण खालून फुटवा कमी हाय यंदा." मी वीस वर्षे या रस्त्याने जातो आहे, तुरीचा फुटवा खालून पाहायचा असतो, हे मला ठाऊक नव्हते.

लोहा गेले. कंधारचा फाटा गेला. कंधारच्या किल्ल्याच्या खंदकाविषयी मी आईला बरेच काही सांगितले, राष्ट्रकूटांपर्यंत जाऊन आलो, तिने "हो का?" म्हणून विचारले, "लाल डबा आला वाटतं मागून?" मागून एस.टी. आली होती. ती आम्हाला ओलांडून गेली आणि तिने उडवलेल्या धुळीचा लोट पुठ्ठ्याच्या सगळ्या फटींतून आत शिरला. मी आईच्या चष्म्यावर दोन्ही हात धरले. ती हलली नाही की बोलली नाही. पण माझ्या मनगटाला तिचा हात लागला, तो थरथरत होता.

खंडोबाचे माळेगाव आले. मार्गशीर्षात इथे मोठी जत्रा भरते; घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार होतो. जनावराचा जबडा उघडून, दात पाहून वय सांगणारे जाणते तिथे भेटतात. भाऊ इतका वेळ गप्प होता. एकाएकी म्हणाला, "अहमदपूरला एक म्हातारा हाय. डायनामो, हॉर्न, वायरिंग बघतो. दाखवू?" मी म्हटले, "दाखव." आणखी काही म्हणण्याची सोय मला उरली नव्हती.

अहमदपूर बालाघाटाच्या डोंगरात वसलेले गाव. चढ चढून वर आले की हवा जरा बदलते. स्टँडच्या पलीकडे एका पत्र्याच्या शेडमध्ये ते गृहस्थ बसले होते. वय साठीच्या पुढे, डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा. सगळे त्यांना चाचा म्हणत. आईसाठी त्यांनी आधी बाकडे सावलीत ओढले, मग भावाला विचारले, "काय करूलालीय गाडी?"

हे 'करूलालीय' माझे फार लाडके आहे. 'काय करूलालास', 'कुठं जाऊलालास' ही लातूर-उदगीरकडची रूपे मी वर्गात फळ्यावर लिहितो, तेव्हा पुण्याकडच्या व्याकरणावर पोसलेली मुले गालात हसतात. असो.

भावाने त्यांना तेच सांगितले, जे मला सांगितले होते. दार उघडे असले की काच चालते, बंद केले की बसते. चाचा हसले नाहीत. त्यांनी विचारले, "पूर्ण उघडल्यावर, की अर्ध्यात?" भाऊ म्हणाला, "अर्ध्याच्या पुढं गेल्यावर." त्यावर त्यांनी मान हलवली आणि बिजागरीपाशी दाराच्या व गाडीच्या मधे असते ती रबराची नळी बोटांनी चाचपली.

पुढचे जे मला समजले ते असे. दाराच्या पोटात एक लहान मोटर असते. बटणाने विजेचा प्रवाह उलटसुलट केला की ती उलटसुलट फिरते आणि तारेने काच ओढते. तिला वीज मिळते ती गाडीतून दारात जाणाऱ्या तारांनी, आणि त्या तारा त्या रबरी नळीतून जातात. दार जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा त्या वाकतात. माझ्यासारख्याच्या गाडीचे दार दिवसातून चारदा उघडते. माल पोचवणाऱ्याचे दुकानागणिक उघडते. वरचे वेष्टण शाबूत राहते आणि आतले तांब्याचे केसासारखे धागे एकेक करून तुटतात.

"मग कारखान्यात टेस्टरचा दिवा लागला तो कसा?" मी विचारले. व्याख्यात्याला प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही.

"दिव्याला एक धागा पुरतो, सर. मोटरला पुरत नाही."

आणि त्यांनी ते दाखवले. टेस्टरचा बारीक दिवा दार बंद असतानाही लख्ख लागला. मग त्यांनी हेडलाइटचा जुना बल्ब त्याच तारांना जोडला. दार उघडे, बल्ब झगझगीत. दार हळूहळू लोटत आणले, तसा तो पिवळा, मग लाल, आणि मग निखारा विझावा तसा विझला. भावाने ते दार तीन वेळा उघडून मिटवून पाहिले. त्याच्या चेहऱ्याकडे मी पाहिले नाही.

कारखान्यातले लोक लबाड होते असे मला वाटत नाही. दुरुस्तीला दार सताड उघडायचे, आतले अस्तर काढायचे, नवी मोटर बसवायची आणि दार उघडे ठेवूनच बटण दाबायचे. काच चालणारच! ओढाताणीत तारा थोड्या सरळ होत, म्हणून पंधरा-वीस दिवस निभत. पहिली मोटर चांगली होती. दुसरीही.

चाचांनी नळी मागे सारून तुटक्या तारा कापल्या, नव्या लवचीक तारांचे तुकडे जोडून डाग दिला आणि वळायला थोडी ढील ठेवली. मग काचेच्या दोन्ही बाजूंच्या रबरी खाचा पाहिल्या. त्यांत धूळ बसून दगड झाली होती. "ही धूळ मोटरला दमवूलालीय," ते म्हणाले. दमलेली मोटर फार तापली की आपोआप बंद होते आणि निवली की पुन्हा चालते. लोकांना वाटते, बरी झाली. ब्रशाने आणि ओल्या फडक्याने त्यांनी खाचा साफ केल्या, त्यांना सिलिकॉनचा हात फिरवला. तेल घालू नका, तेलाला धूळ धरते, हेही बजावले.

काम चालू असता त्यांनी सहज विचारले, "काच उघडी, मग रातीला बाहेरगावी गाडी कशी ठेवूलालतास?"

"आतच झोपतो," भाऊ म्हणाला. "कागद असतात, पैसे असतात. आठ महिने झाले."

आई बाकड्यावरून म्हणाली, "पावसाळ्यात पण तसाच झोपायचा. प्लॅस्टिक बांधून." हे तिला माहीत होते. मला कोणी सांगितले नव्हते. सांगावे असे मी काही ठेवले नव्हते.

साडेतीनशे रुपये झाले. मी पाकीट काढले, तर भावाने माझा हात बाजूला केला आणि स्वतः दिले. मी दिलेही नसते तर बरे झाले असते असे तिसऱ्या खेपेचे पैसे मला तेव्हा आठवले. गाडीत बसताना मी म्हणालो, "तू सांगत होतास ते बरोबर होते. मी ऐकले नाही." तो म्हणाला, "बस दादा, दार जोरात लाव. उशीर व्हायलाय."

पुठ्ठा काढला. आईने खिडकीशी बसायचा हट्ट धरला, तेव्हा मी मधे आलो आणि गिअरच्या दांडीशी माझे गुडघे भांडू लागले. चाकूरपर्यंत काच पूर्ण वर होती. रस्त्याच्या कामाची धूळ बाहेरच्या बाहेर काचेवर आपटत होती. आई काळ्या चष्म्यातून बाहेर पाहत होती. काय दिसत होते, कोण जाणे! पण आता ती मला विचारत नव्हती, तीच सांगत होती. "ते बघ, गोंडाच्या फुलांचं शेत. पिवळं दिसतंय ना?" ते खरोखर झेंडूचे शेत होते.

लातूरला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. गंजगोलाईत सोळा रस्त्यांची गर्दी एका ठिकाणी मिळते. दिवाळीच्या आठवड्यात तिथून गाडी नेणे म्हणजे दिव्यच. आकाशकंदिलांची दुकाने लागली होती. एका दुकानापाशी गाडी अडली, तेव्हा आईने मला न विचारता बटण दाबले, काच चार बोटे खाली घेतली आणि फटीतून ओरडून कंदिलाची किंमत विचारली. दुकानदाराने सांगितलेली किंमत ऐकून तिने काच वर घेतली. काच वरपर्यंत गेली.

त्या रात्री भाऊ अंगणात गाडी लावून, दाराला कुलूप घालून घरात झोपला. मी जागाच होतो. मध्यरात्रीच्या सुमारास तो उठला, बाहेर गेला. कुलूप काढल्याचा आवाज आला, मग मोटरची बारीक घरघर ऐकू आली, एकदा खाली, एकदा वर. मग पुन्हा कुलूप.